डिंगसची तारीख

मदर्स डेला आईने हात हलवायचा नसतो, असं सगळे म्हणतात. खुर्चीत बसून म्हणतात. मार्लीन कोपेराने सकाळपासून कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळला, हॅम भाजला, बटाटे कुस्करले, पाच ताटं वाढली, आणि सगळ्यांचे काटे-चमचे जरा मंदावल्यावर हॅमची परात बाजूला सारून तिथे कागदांचा गठ्ठा ठेवला.

"हात पुसा आणि बघा," ती म्हणाली. "एकाहत्तर सह्या. पन्नास लागतात."

"जेवताना नको," तिचा नवरा जीन म्हणाला.

"जेवण कधीच झालंय. तू तिसऱ्यांदा घेतोयस."

जीनने आठवडाभर फोनाफोनी करून दोन्ही बाजूंकडून वेगवेगळं वचन घेतलं होतं: रविवारी टेबलावर निवडणुकीचा 'नि' काढायचा नाही. बायकोने दिलं होतं. धाकट्या भावाने, वॉल्टनेही दिलं होतं. वॉल्ट तर चौदा वर्षं हार्लो गावच्या बोर्डात बसलेला माणूस. वचन द्यायला त्याचं काय जातं?

जूनमध्ये मेयर निवडायचा होता, आणि त्या एका खुर्चीसाठी घरातलेच दोघं समोरासमोर. वॉल्ट 'एक गाव' पक्षाकडून, मार्लीन 'पूल' पक्षाकडून. हार्लोच्या निवडणुकीत मोठ्या पक्षांना कुणी विचारत नाही. ज्याला उभं राहायचं त्याने आपला पक्ष आपण काढायचा, नाव ठेवायचं, चिन्ह काढायचं आणि गावकऱ्यांच्या सह्या आणायच्या. मार्लीनच्या पक्षात सध्या एकच सभासद होती, मार्लीन. चिन्ह सासऱ्यांनी काढून दिलं होतं.

"हा कंगवा कसला?" वॉल्टने पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"पूल आहे तो," शहाऐंशी वर्षांचे सासरे, म्हणजे जाजा, म्हणाले. आजोबांना आमच्या पोलिश लोकांत जाजा म्हणतात, आणि यांना तर पोस्टमनसुद्धा जाजाच म्हणतो. "बत्तीस वर्षं रेल्वेत काढली मी. पूल मला शिकवू नकोस."

"दात पडलेला कंगवा."

"आणि तुझं चिन्ह? दोन हात. कोण कुणाचं मनगट पिरगाळतंय तेच कळत नाही."

वॉल्ट हसला. बोर्डावरचा माणूस, हसायची सवय असते. "आतलं बघू का, मार्लीन?"

"बघ की. निम्म्याहून जास्त तुझ्याच हॉलमध्ये गोळा केल्यात."

ते मात्र त्याला लागलं. ईस्टरनंतरचा सोमवार म्हणजे डिंगस, आमची बिनरंगाची रंगपंचमी. पोरं-पोरी एकमेकांना भिजवतात, विलोच्या काटक्यांनी पिंढऱ्यांवर सपासप मारतात, आणि म्हातारे पाणी सोडून बाकी सगळं पितात. संध्याकाळी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये नाच असतो, आणि बंबवाल्यांचा प्रमुख वॉल्ट. त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्याच बिअरवर, त्याच्या भावजयीने लिहायचं पॅड घेऊन फिरून चव्वेचाळीस सह्या उचलल्या. आणि तो स्टेजवर पोल्का वाजवत राहिला. गळ्यात अकॉर्डियन असताना माणूस उडी मारून काय करणार?

त्याने पानं उलटली. स्वतःचा अर्ज त्याने गुरुवारीच ऑफिसात दिला होता, त्रेसष्ट सह्यांसकट. त्यामुळे तो शांतपणे बघत होता, दुसऱ्याच्या मुलीचं प्रगतिपुस्तक बघावं तसा. तिसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

नाव, पत्ता, सही, तारीख, असे चार रकाने. तारखेच्या रकान्यात, पहिल्याच ओळीवर, त्याच्या बापाच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: डिंगस. त्याच्याखाली ओळीने दोन-दोन टिंबं, म्हणजे 'वरच्यासारखंच'. पान उलटलं. पुन्हा वर डिंगस, खाली टिंबं. एकाने तर हौसेने 'ओला डिंगस' लिहिलं होतं. चार पानं, चव्वेचाळीस सह्या, एकीपुढेही तारीख नाही.

वॉल्टने पटकन किसलेल्या तिखट मुळ्याचा मोठा चमचा तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. आता चेहऱ्यावर काय दिसतंय याचा कुणी हिशोब मागू शकत नव्हतं. मनात मात्र त्याचा हिशोब झाला होता. मंगळवारी पाच वाजता मुदत संपते. ही अर्ज देणार, तीन दिवसांत कुणीतरी हरकत घेणार, मीच घ्यायला पाहिजे असं नाही, आणि एकाहत्तरातून चव्वेचाळीस गेले की राहिले सत्तावीस. मग काय, खुर्ची बसल्या बसल्या.

"छान आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "अक्षर छान आहे लोकांचं."

टेबलाच्या पलीकडे डेनिसने काटा खाली ठेवला.

डेनिस मार्लीन-जीनची मुलगी आणि गावच्या ऑफिसातली डेप्युटी क्लार्क. अकरा वर्षं काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला उलटं वाचता येतं. तिने 'डिंगस' उलटं वाचलं, आणि काकाचं मुळा खाणं सुलटं वाचलं. वॉल्ट काका मुळ्याला कधी हात लावत नाही. त्याला ॲसिडिटी आहे.

आता पंचाईत अशी, की डेनिसने हात वर करून शपथ घेतली होती: सगळे उमेदवार सारखे, कुणाला झुकतं माप नाही. आईच्या कानात एक शब्द सांगितला तर उद्या वॉल्ट काका, माणूस कितीही चांगला असला तरी, बोर्डापुढे तोच शब्द ठेवणार. आपली नोकरी जाईल ते जाईल, आईचा अर्जही नासेल. आणि नाही सांगितला तर मंगळवारी त्याच कागदावर आपल्याच हाताने शिक्का मारायचा.

तिने पाण्याचा घोट घेतला. मग पर्स उघडून छापील कागद काढले आणि उभी राहिली.

"बस ना, केक येतोय," जीन म्हणाला.

"दोन मिनिटं, बाबा. हे ऑफिसचं आहे." तिने आवाज बदलला. घरात हा आवाज कुणी ऐकला नव्हता. "या टेबलावर दोन उमेदवार आहेत. दोघांना एकच सूचनापत्र, एकाच वेळी. वॉल्ट काका, हे तुझं. आई, हे तुझं."

"मी अर्ज देऊन बसलोय," वॉल्ट म्हणाला.

"तरी घे. एकाला देऊन एकाला नाही दिलं तर मीच अडकेन. आणि वाचून दाखवते, म्हणजे कुणी म्हणायला नको, मला दिलंच नाही."

"डेनिस, आज मदर्स डे आहे."

"हो ना. म्हणून उभी राहून वाचतेय. सूचना एक."

तिने एकपासून सुरू केलं. संथ, एकसुरी, रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखं. पानांना नंबर घाला. शाईने लिहा. एका माणसाने एकाच उमेदवाराला सही द्यायची. दोघांना दिली तर आधीची धरली जाईल. सूचना चारला तिने आवाज जराही चढवला नाही. "प्रत्येक सहीपुढे महिना, दिवस आणि वर्ष लिहिलेलं असावं. तारीख नसलेली सही बाद." आणि तशीच पुढे पाच, सहा, सातपर्यंत गेली. सातवी सूचना टाचणी कुठे मारायची याची होती. तीही पूर्ण वाचली.

वॉल्टने पुन्हा मुळ्याकडे हात नेला, पण या वेळी उपयोग नव्हता.

मार्लीन तेवीस वर्षं शाळेची बस चालवते. चाळीस पोरं मागे बोंबलत असताना इंजिनाचा एक चुकीचा ठोका तिला ऐकू येतो. तिने गठ्ठा ओढला, पानं उलटली आणि तिसऱ्या पानावर थांबली.

"पा, हे काय लिहिलंयत?"

"कुठे?" जाजांनी मान पुढे काढली. "तारीख आहे."

"डिंगस ही तारीख आहे?"

"मग काय आहे? ख्रिसमस म्हटलं की कुणी विचारतं का, कुठला?"

"जाजा, डिंगस दरवर्षी सरकतो," डेनिस म्हणाली.

"ईस्टरबरोबर सरकतो. एकटा कुठे जातो?" मग सुनेच्या चेहऱ्याकडे बघून म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "माझे हात ओले होते गं. तारीख लांबलचक. डिंगस छोटं. पुढच्यांनी माझंच बघून मारली टिंबं, त्याला मी काय करू?"

मार्लीनने बोटाने मोजलं नाही. तिला आकडा पाठ होता. ती दिराकडे वळली.

"तू पाहिलंस."

"मी हॅम खात होतो."

"डोळ्यांनी?"

"हे बघ, मार्लीन." वॉल्टने रुमाल टेबलावर ठेवला. "तू माझ्याविरुद्ध उभी आहेस. समोरच्या टीमला मी सांगत बसू का, की बाई, तुझ्या बुटाची लेस सुटलीय? चौदा वर्षं मी या गावची गटारं उपसलीत. तू एक पूल घेऊन आलीस."

"एकच आहे, म्हणून तर आले."

"सडलाय तो. मी स्वतः चढलो होतो, कठडा हातात आला. उद्या पोर खाली पडलं तर तूच पहिली ओरडशील."

"सडलाय हे मला मान्य आहे. पण तुम्ही काय केलंत? जानेवारीत रुळांवरच्या पुलाच्या जिन्याला कुलूप लावलंत आणि घरी गेलात. रुळाच्या अलीकडे घरं, पलीकडे शाळा, आणि मध्ये मालगाडी तासतासभर उभी. पोरं जाणार कुठून?"

"रेल्वे भोंगा बसवणार आहे."

"भोंगा पोराला उचलून पलीकडे ठेवणार आहे का?"

जाजा खुदकन हसले.

"फेब्रुवारीत मी बस घेऊन फाटकावर उभी होते," मार्लीन म्हणाली, "आणि माझ्या डोळ्यांदेखत..."

"मार्लीन, जेवताना नको," जीन सवयीने म्हणाला.

ती थांबली. हे ती गावच्या सभेतही सांगायला गेली होती. तिथे तीन मिनिटं मिळाली आणि मग वॉल्टने घंटी वाजवली. घरातली घंटी जीन होता.

"बरं," ती म्हणाली. "नाही सांगत. पेन आण. नव्या पानावर पहिली सही तुझी. पाच आठवडे म्हणतोयस, जागा ठेव, शेवटी करतो. आज शेवट आलाय."

जीनने काट्याने ताटातला एकच बटाटा इकडून तिकडे नेला.

"माझी चालणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"मी वॉल्टला दिलीय. तीन एप्रिलला. त्याच्या गॅरेजात गवत कापायच्या मशीनचा प्लग बदलत होतो, त्याने कागद पुढे केला, मी केली. तू उभी राहणार हे तू सहाला सांगितलंस."

"आणि सहापासून आजपर्यंत?"

"रोज सांगणार होतो."

मार्लीनने लेकीकडे बघितलं. डेनिसने नजर चुकवली नाही, पण कान लाल झाले.

"तुला माहीत होतं."

"ऑफिसात माहीत होतं, आई. घरात नव्हतं."

वॉल्टला वाटलं, आता ही रडेल, मग आपण उठून पाठीवर हात ठेवू, पुढच्या वर्षी बोर्डात एखादी जागा देऊ, आणि घर पुन्हा घर होईल. त्याने खुर्ची मागे सरकवायची तयारीही केली.

मार्लीनने एप्रन काढला, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"पा, इथे सही करा. महिना, दिवस, वर्ष. मी बघतेय." जाजांनी जीभ दातांत धरून, शाळकरी पोरासारखं लिहिलं. "झालं. कोट घाला, माझ्याबरोबर या. ज्यांनी तुमचं बघून टिंबं मारली, त्यांना तुमचंच तोंड दाखवायचंय. जीन, गाडी काढ."

"मी?"

"सही देता येत नाही, स्टिअरिंग धरता येतं ना? तेवीस वर्षं मी सगळ्या गावाची पोरं नेतेय. आज तू मला ने."

"आणि केक?" वॉल्टने विचारलं.

"तू काप. आई नाहीयेस, पण भूक दिसतेय तुझ्या तोंडावर."

मदर्स डेच्या दुपारी अख्खं गाव घरात असतं, हे एक बरं. पहिल्या घरचे हसून हसून दारातच बसले. दुसऱ्या घरी आजीबाई म्हणाल्या, "मला वाटलं लॉटरीचं तिकीट आहे. मी तर निकालाची वाट बघत होते." जाजांनी टोपी काढून माफी मागितली आणि वर आजीबाईंकडून लिंबाचा केक खाऊन आले.

पण तिसऱ्या घरापासून गंमत संपली. डिंगसला ओल्या हातांनी लोकांनी कशावरही सही केली असती. आता ते कोरडे होते आणि विचारत होते.

"कशासाठी म्हणालात?"

जीन गाडीत बसून काच खाली करून ऐकत होता. पहिल्यांदा मार्लीन अडखळली. बोर्डाचा ठराव, रेल्वेचं पत्र, कुठली तरी कलमं, सगळं एकदम सांगायला गेली. दारातला माणूस "विचार करून सांगतो" म्हणाला आणि त्याने दार लावलं. पुढचंही तसंच. पाचव्या घरी तिने कलमं सोडून दिली.

"फेब्रुवारीत मी फाटकावर बस घेऊन उभी होते," ती म्हणाली. "मालगाडी थांबलेली. दोन मुली आल्या, सात-आठ वर्षांच्या. एकीने दप्तर आधी खाली ढकललं, लाल रंगाचं, आणि मग डब्याखालून रांगत गेली. दुसरी मध्यावर असताना गाडीने हिसका दिला. एकच. मी बसमधून उतरलेली, पण मध्ये पोहोचू शकत नव्हते. फक्त तिचे बूट दिसत होते. मग ते हलले आणि ती पलीकडे निघाली. तिने मला हात केला. तिला काही कळलंच नव्हतं."

त्या बाईने दारातच सही केली. तारीख दोनदा तपासली.

सातव्या घरी एक माणूस म्हणाला, "वॉल्टचा आत्ताच फोन होता. म्हणतो, पूल सडलाय."

"सडलाय. सडका ठेवा म्हणत नाहीये मी. नवा बांधा म्हणतेय."

"आणि नाही जमलं तर?"

"तर शाळेच्या वेळात तिथे माणूस उभा करा, रेल्वेच्या दारात जाऊन बसा. पण कुलूप लावून घरी जाऊ नका."

त्याने सही दिली नाही. म्हणाला, वॉल्टने माझ्या बापाला आगीतून काढलंय. मार्लीन म्हणाली, "मग बरोबर आहे तुझं," आणि पुढच्या घराकडे वळली.

जीनने तो लाल दप्तराचा किस्सा रविवारी नऊ वेळा ऐकला आणि सोमवारी, बसच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, आणखी अकरा वेळा. त्याआधी एकदाही पूर्ण ऐकला नव्हता. घरात तो सुरू झाला की मध्ये जेवण यायचं, टीव्ही यायचा, 'नंतर बघू' यायचं. सोमवारी दुपारी कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की आपण गाडीत बसलेलो नाही. आपण दाराशी उभे आहोत, आणि पुढच्या घराची बेल आपणच वाजवतोय.

"कोण?" आतून आवाज आला.

"जीन कोपेरा. माझ्या बायकोला काहीतरी सांगायचंय. पूर्ण ऐकून घ्या."

मार्लीनने त्याच्याकडे बघितलं. मग पॅड त्याच्या हातात दिलं, धरायला.

चव्वेचाळिसांपैकी काही गावाला गेलेले, काहींनी नाही म्हटलं, आणि एकाने दारच उघडलं नाही, नुसता पडदा हलवला. पण ज्यांनी डिंगसला सही केलीच नव्हती, असे सहाजण वाटेत मिळाले. मंगळवारी शेवटची पोरं उतरवून मार्लीन बसच्याच गणवेशात ऑफिसात शिरली, तेव्हा घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. बाकावर वॉल्ट बसला होता. तो कायद्याने बसला होता. कुणीही बसू शकतं.

"बोला," डेनिस म्हणाली.

"हा अर्ज."

"तुमचं नाव?"

मार्लीनने भुवया वर केल्या. पोरीने जन्मात तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. "माहीत नाही तुला?"

"विचारावं लागतं. तुमचं नाव, कुठल्या पदासाठी, पक्षाचं नाव."

"मार्लीन कोपेरा," तिने खांदे सरळ केले. "मेयर. पूल पक्ष."

डेनिसने पानं मोजली, नंबर बघितले, टाचणी बघितली. एकेका सहीवर तिचं बोट सरकत गेलं. घाई केली नाही आणि रेंगाळलीही नाही. बाकावरून वॉल्ट त्या बोटाकडेच बघत होता. मग तिने शिक्का उचलला आणि मारला. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

"छप्पन्न सह्यांचा अर्ज मिळाला," ती म्हणाली. "हरकतीसाठी कुणालाही तीन दिवस आहेत. तुमची पोच घ्या."

"मला बघू दे," वॉल्ट उठला.

"जरूर. तुमचा हक्क आहे. इथेच बसून बघा."

त्यालाही 'तुम्ही'. वॉल्टने पानं घेतली. सावकाश, चौदा वर्षांच्या सवयीने, एकेक ओळ पाहिली. महिना, दिवस, वर्ष. महिना, दिवस, वर्ष. त्याच्या अकॉर्डियनवर दरवर्षी नाचणाऱ्या लोकांनी, त्याच्या फोननंतर, कोरड्या हाताने लिहिलेलं. शेवटच्या पानापर्यंत गेला, पुन्हा पहिल्यावर आला आणि गठ्ठा बंद केला.

"व्यवस्थित आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि थोडी भीती. ती मार्लीनने ओळखली आणि तिला पहिल्यांदा वाटलं, आपण खरंच उभ्या आहोत.

"जूनमध्ये बघू, वॉल्ट."

"बघू."

ती बस परत न्यायला बाहेर पडली. दारात जीन आत येत होता. त्याने तिच्यासाठी दार धरलं आणि स्वतः आत आला. वॉल्टने भावाकडे बघितलं. कुणीतरी आपलं उरलंय असं त्याला वाटलं असावं.

"काही म्हण, जीन," तो म्हणाला, "तुझी सही माझ्याच कागदावर आहे."

"आहे की," जीन म्हणाला. "सही दिली तुला. मत अजून माझ्याकडेच आहे."

डेनिसने खाली मान घातली आणि शिक्क्याची शाई पुसायला घेतली. काउंटरवर हसायची परवानगी नसते.